जाळ्यांच्या खोलीतल्या खिडक्या

दाराची काच फुटून माझ्या पायाशी पडली. आत माझी धाकटी जाऊ होती. खोलीच्या खिडक्या बंद होत्या, आणि त्या उघडायचं काम माझं होतं.

आनंदनगरच्या एका लहान कंपनीत आम्ही दोघी कामाला होतो. पाण्यात करंट सोडून पेट घेणारा गॅस काढतात, त्याच्या जाळ्या तिथे बनत. जाळी निकेलची, वर साहेबांनी स्वतः बनवलेला काळा थर. थर चांगला असला की थोड्या करंटमध्ये भरपूर गॅस निघे. पण तो चार दिवसांत सुटायचा. न सुटणारा थर बनवायचा, एवढंच साहेबांच्या डोक्यात असे.

आधी जाळ्या माझ्याकडे होत्या. मी चौथी शिकलेली. एक जाळी काळीकुट्ट झालेली दिसली म्हणून मी ती घासणीने घासून लख्ख केली. साहेबांनी डोक्याला हात लावला.

"अहो मावशी, हे काय चहाचं पातेलं आहे? तीन आठवडे टिकलेला पहिला थर होता तो!"

मग माझ्या हातात फरशीचं फडकं आलं आणि जाळ्यांच्या खोलीत जाऊ खुर्चीवर बसली. ती दहावी पास. तिला कंपनीत मीच चिकटवली होती. दर तासाला मीटर बघून ती वहीत आकडे लिहायची. साहेब तिला मॅडम म्हणत. कुळगावला घरी जेवतानाही तेच, आज जाळीला इतके दिवस झाले. माझा नवरासुद्धा कान देऊन ऐके. मला घास गिळवत नसे. थर सुटावा असं मला रोज वाटायचं.

करंट तुटला की थर खराब होतो, म्हणून लाइट गेली तरी जाळ्या बॅटरीवर चालत. गॅस बाहेर फेकणारा पंखा मात्र लाइटवरच. तेव्हा लोडशेडिंग फार. लाइट गेली की मी खिडक्या उघडायच्या, असं ठरलेलं होतं. जावेला आत कळायचं नाही. तिच्या टेबलावरचा दिवा बॅटरीवर, आणि शेजारच्या जनरेटरच्या आवाजात पंखा थांबलेला समजत नसे.

त्या सकाळी मी फरशी पुसायला गेले.

"ताई, चपला बाहेर काढा ना. जाळ्यांवर धूळ जाते."

"घरी माझ्या पाया पडतेस आणि इथे चपला काढायला लावतेस?"

"घरी तुम्ही मोठ्या. इथे मी मॅडम!" ती हसली. गंमतच केली होती तिने. मला ती झोंबली.

दुपारी लाइट गेली. माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला. मी उठले नाही. म्हटलं, मॅडमनेच उघडाव्यात खिडक्या. डबा खाल्ला, धुतला, पुसला. अर्धा तास सहज गेला असेल. मग आत साठलेला गॅस आठवला आणि मी धावले. दाराशी पोचले तोच लाइट आली, आतला पंखा ठिणगी टाकून फिरला आणि भडका उडाला.

मी तिला पदराने गुंडाळून बाहेर ओढली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, एक कान कायमचा गेला. दवाखान्यात ती सगळ्यांना सांगत होती, "ताई धावत आल्या म्हणून मी आहे." खिडक्यांचं आजवर कोणाला सांगितलं नाही. साहेब तिच्यासाठी रोज फळं घेऊन येत, तेही मला बघवत नव्हतं.

खोलीत ती एकटी होती. ती जगली.