बदकाची चौदा, स्लॉथचं एक

समुद्रातल्या शेवंडांसाठी खोल बुड्या मारता मारता एवारिस्तोकाकाचा एक पाय लुळा पडला. तेव्हापासून आमच्या एस्कुडो बेटावर खारफुटी तोडून चुलींना जळण पुरवणं एवढंच काम त्याला उरलं. जाळत होतो आम्हीच, तेव्हा त्याला एकट्याला दोष द्यायला मला तोंड नाही.

त्या दिवशी त्यानं तोडलेल्या झाडावर स्लॉथची, त्या फांदीला लटकून तासन्‌तास न हलणाऱ्या सुस्त प्राण्याची, मादी पिल्लासकट होती. अंगावर शेवाळ चढलेलं, पानांत ती दिसलीच नाही. झाड आडवं झालं तशी ती पाण्यात पडली आणि पलीकडच्या खारफुटीकडे पोहत गेली. पिल्लू मात्र फांदीलाच चिकटून राहिलं. काकानं तीन दिवस ती फांदी तिथंच चिखलात रोवून वाट पाहिली. आई फिरकली नाही. मग फांदीसकट पिल्लू घरी आणून त्यानं दाराशी बांधलं.

"बदकाच्या पिल्लांत सोडा की," सेबेरिनाकाकू केळी उकडता उकडता म्हणाली. "चौदा आहेत, हे पंधरावं."

"गेल्या खेपेला तुझ्या बदकाची सहा घारीनं नेली, तर त्यानं मान तरी वळवली का? स्लॉथच्या मादीला वर्षाला एकच होतं. आणि ही जात आपलं बेट सोडून कुठंच नाही."

"मग झाड तोडताना वर बघायला काय झालं होतं?"

काका पिल्लाजवळ जाऊन बसला. डब्यातल्या पावडरीचं दूध चिंधीनं त्याच्या तोंडात पिळत राहिला. निम्मं बाहेरच यायचं. दिवसभर कोवळी पानं पुढं धरून त्याच्याशी गप्पा मारायचा.

"जिवंत आहे ना रे ते?" येणारे-जाणारे विचारायचे.

"स्लॉथ आहे तो! तुमच्यासारखी लगबग करायला त्याला काय होडी गाठायचीय?" काका म्हणायचा.

आम्ही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

पिल्लू घरी आणल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी काकू ओरडली म्हणून मी धावलो. पिल्लू होतं तसंच फांदीला धरून होतं आणि त्याच्या डोळ्यात मुंग्या शिरत होत्या. अंग केव्हाच ताठलं होतं. काकानं बोटं सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेनात. शेवटी त्यानं फांदी दोन्हीकडून कापली आणि तेवढा तुकडा पिल्लासकट मांडीवर घेऊन बसला.

"काल मी त्याच्याशी बोलत होतो," तो काकूला म्हणाला, "तेव्हा होतं का गं ते?"