समोरच्या काकूंचं विरजण

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू कोमट दुधात करंगळी बुडवायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हं. आता हलवायचं नाही, डोकवायचं नाही." मग पातेल्यावर झाकण पडायचं.

तुमच्याही इमारतीत अशी एखादी बाई असेलच, जिच्याकडे सगळे वाटी घेऊन जातात. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत विरजण म्हणजे काकूंचं. मी त्यांचं सगळ्यात नियमित गिऱ्हाईक, कारण दही लागतंय का हे मी सारखं झाकण उघडून, पातेलं तिरकं करून बघायचो. ते कधीच लागायचं नाही. "अहो शेजारी," काकू पुन्हा वाटी भरून देताना म्हणायच्या, "इतकं निरखून बघितल्यावर कोणीही लाजेल."

मग त्यांना रक्ताचा कर्करोग निघाला. केमोनं तो दबला, पण परत उलटू नये म्हणून डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलं. वाघोलीला राहणाऱ्या धाकट्या भावाच्या पेशी जुळल्या. मला काही उमगेना, तेव्हा काकूंनी ओट्यापाशी उभं राहून समजावलं.

"माझं दूध नासलंय. औषधानं भांडं पार घासून काढणार आणि त्यात भावाचं विरजण घालणार. लागलं, तर मी उठले. नाही लागलं, तर..." त्यांनी स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. "तर तुमच्या दह्याचं अवघड आहे."

तयारी सुरू झाली. एक किडकी दाढ काढून झाली, कुंड्या घराबाहेर गेल्या, कोशिंबीर बंद झाली. मी धीर द्यायला निशिगंधाचा गुच्छ घेऊन गेलो. दार बोटभर उघडलं.

"फुलं चालत नाहीत. आणि मास्क नाकावर घ्या. हनुवटीला काही होत नसतं."

दहीही बंद झालं, कारण त्यातले जिवंत जंतू आता काकूंना झेपणारे नव्हते. घरात विरजणसुद्धा नको, असं ठरलं आणि ती वाटी माझ्या हातात आली.

"मीच का?"

"बाकीच्यांकडे बिघडवायला चार-चार माणसं आहेत. तुमच्याकडे एकच. लक्ष ठेवायला सोपं."

त्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या त्याच आठवड्यात मी विरजण मारलं. दुधात करंगळी बुडवली, सणसणीत चटका बसला, पण मी मोठ्या मनानं दुर्लक्ष करून सगळं विरजण त्यात घातलं. सकाळी पातेल्यात गरम दुधाचं गार दूध झालेलं होतं. तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"विरजण कसंय?"

"मजेत आहे," मी म्हणालो. ते मोरीतून गेलेलं होतं.

पाकिटातलं दही आणून वेळ मारून नेता आली असती, पण काकूंनी सांभाळायला दिलं होतं ते हे नव्हतं. मी वाटी घेऊन मजल्यामजल्यावर फिरलो. खालच्या बाई म्हणाल्या, "आमचं तर कधीच गेलं. आम्ही तुमच्याकडेच येणार होतो." वरच्यांचंही तेच. अख्खी इमारत काकूंच्या जिवावर दही खात होती आणि पाहुण्यांना "घरचं आहे" म्हणून वाढत होती.

शेवटी काकूंचा भाऊ आठवला. मी स्कूटर काढून वाघोली गाठली. पेशी वाढवायची इंजेक्शनं चालू असल्यानं तो कंबर धरून सोफ्यावर बसला होता.

"थोडं विरजण मिळेल का?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "आता तुम्हालाही माझ्याकडूनच हवंय?"

विरजण मिळालं. "ताईचंच आहे," तो म्हणाला. "आम्ही इथं घर मांडलं तेव्हा तिनं आणून दिलं होतं. अजून मोडलेलं नाही." मग डब्याचं झाकण लावता लावता थांबला. "तिचं माझ्याकडे टिकलं. माझं तिच्याकडे टिकेल ना हो?"

मी डॉक्टर असल्यासारखी मान हलवली.

वाटेतल्या गतिरोधकांनी त्या दह्याचं ताक केलं, पण जीव शाबूत होता. ज्या दिवशी भावाच्या पेशी काकूंना चढवल्या, त्या दिवशी मी दूध कोमट केलं, चटका बसत नाही याची खात्री केली आणि झाकण घातलं. सकाळपर्यंत उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दही सकाळी लागलं. काकूंचं मात्र काही कळेना. आठवडे गेले. इमारतीतले लोक मला जिन्यात अडवायचे. "जाऊन बघून या ना एकदा." मी म्हणायचो, "हलवायचं नाही, डोकवायचं नाही." आणि घरात येऊन फोनकडे बघत बसायचो.

अखेर भावाचा फोन आला. "धरलं. पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या."

"तुमच्या की त्यांच्या?"

"आता कोणाच्या म्हणायच्या," तो म्हणाला.

काकू सध्या वाघोलीत, भावाकडे. अजून बरेच महिने जपायचंय, म्हणून त्या घरातही दही बंद आहे. म्हणजे ते विरजण आता फक्त माझ्याकडे. समोरच्या दाराला कुलूप असतं. संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, मधे फक्त डोळे.

"दाखवा. हं. उलटी करा वाटी."

मागच्या वेळी सगळं दही माझ्या पायावर पडलं होतं. काल मी श्वास रोखून वाटी उलटी केली. दही जागचं हललं नाही. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"आता हलवू नका," त्या म्हणाल्या आणि रेंज गेली.

मी ओट्यापाशी उलटी वाटी धरून बराच वेळ उभा होतो.