फलाटावरची हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. त्या दिवशी मला ऐकू आलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. हॅम्बुर्गला मी तसा नवा. तिला तर येऊन जेमतेम महिना झाला होता. तेव्हा उ-बानच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, डब्यांची दारं हाताने ओढून उघडायची, आणि ती बंद होण्याआधी फलाटावर घोषणा व्हायची, 'त्सुरुकब्लायबन, बिट्टे'. म्हणजे, कृपया मागे राहा. हे वाक्य मीच तिला शिकवलं होतं. ते ऐकलं की पुढे पाऊल टाकायचं नाही, असं बजावलंही होतं.

शनिवारी बाजार करून परतत होतो. तिच्या हातात भाजीची पिशवी, ती जरा मागे. मी डब्यात चढलो तर समोर ऑफिसातले जर्मन सीनियर उभे. तेवढ्यात घोषणा झाली आणि ती फलाटावरच थबकली. मग तिने हाक मारली.

"अहो! अहो!" चांगली खणखणीत.

सीनियर हसले. बंदराचं शहर ते. तिथे 'आहॉय' ही खलाशांची जहाजाला मारायची हाक. "ही बाई बोट बोलावतेय की काय? तुझ्या ओळखीची आहे?"

"नाही," मी म्हणालो. आणि हसलोही.

लाज वाटली मला तिची. साडीवरच्या त्या स्वेटरची, त्या मोठ्या आवाजाची. हाकेत माझं नाव नव्हतं, म्हणून नाकारणं फार सोपं गेलं. दाराची मूठ माझ्या हाताशी होती. मी ती ओढली नाही.

पुढच्या स्टेशनावर उतरून उलटी गाडी पकडली. ती बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"तुम्हाला ऐकूच आलं नाही ना?"

"गर्दी केवढी होती," मी म्हणालो.

त्यानंतर घराबाहेर तिने मला कधी हाक मारली नाही. जवळ येते आणि बाही ओढते. का, ते मी विचारलं नाही. उलट हा किस्सा गणपतीत, वाढदिवसांना रंगवून सांगत आलो: "आमच्या बाईसाहेब कायद्याच्या पक्क्या. जर्मनांनी मागे राहा म्हटलं, राहिल्या!" तीही सगळ्यांबरोबर हसते.

गेल्या महिन्यात पाहुण्यांसमोर पुन्हा सांगितला. लेकीला मराठी समजतं, पण बोलते जर्मनच. तिने आईला विचारलं, "मग तू बाबांना हाक का नाही मारलीस?"

"मारली की. दोनदा," ताटं उचलत बायको म्हणाली. "यांना ऐकू नाही आलं."

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी बरोबर.

तिला खरंच तसं वाटतं, की इतकी वर्षं ती मला सांभाळून घेतेय, हे मला माहीत नाही. पण ऐकू आलं होतं, हे मला तिला सांगायचं आहे. आधी तिला एकटीला, मग ज्यांना ज्यांना मी हसवलं त्यांच्यासमोर. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.