उजव्या हाताचा पट्टा

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, ते मी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. फोटोग्राफरनं हात दुखतो म्हणणं म्हणजे आचाऱ्यानं मला चव कळेना म्हणण्यासारखं. आणि कराडशेजारच्या आमच्या मलकापुरात बातमी पसरायला चहाला उकळी येण्याइतकाही वेळ लागत नाही. मी फोटो काढते ते मुख्यतः बायकांच्या कार्यक्रमांचे. डोहाळजेवण, हळद, बांगड्या भरणं. कॅमेऱ्यामागं बाई आहे म्हटल्यावर घरातल्या बायका सारखा पदर सावरत बसत नाहीत, तोंड उघडून हसतात. ते हसू टिपायचा मला वीस वर्षांत एकदाही कंटाळा आलेला नाही.

पण एका हळदीत कॅमेरा हातातून सुटला. मी खाली बसलेले होते म्हणून तो मांडीवर पडला, आणि हळदीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.  मी मात्र दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं डॉक्टरकडं गेले.

डॉक्टरांनी अंगठा इकडं तिकडं वळवला, मी कळवळले. "किती वजनाचा कॅमेरा?" "अर्धा किलो," मी बेधडक खोटं बोलले. त्यांनी माझ्या पिशवीतून तो स्वतः उचलून बघितला आणि विचारलं, "अर्धा?" बोटांनी आवळून धरणं बंद झालं पाहिजे, ते म्हणाले. तसं जमत नसेल तर काम बदला.

काम बदला! जणू मी अंगावरची साडी बदलणार होते. घरी येऊन मी भांडी आपटली. मग रात्रीच्या जेवणाला बसल्यावर नवऱ्याला सगळं सांगून टाकलं.

नवरा फौजेतून सुभेदार होऊन आलेला. त्याच्याकडं प्रत्येक दुखण्यावर फौजेतला एक उपाय असतो. त्यानं ट्रंकेतून बंदुकीच्या जाड पट्ट्याचा एक तुकडा काढला आणि कॅमेऱ्याला बांधून दिला. "ह्यो तुटायचा न्हाई." खरंच तुटला नाही. माझ्या हाताची कातडी तेवढी निघाली.

तरी त्यामुळं दिशा मिळाली. हाताच्या पाठीवरून जाणारा पट्टा असतो. तो नीट बसला की कॅमेरा तळव्यात आपोआप टेकून राहतो, बोटांनी आवळावं लागत नाही. मी कराडातली दुकानं पालथी घातली, मग सांगली गाठली. काउंटरवर पट्टा ठेवायला सांगायचे, बोटं जुळवून हात आत सरकवायचे. हात जेमतेम गेला, सांध्यांवर जरा अडखळून आत बसला, की तो मला पसंत. सैल वाटला की बाजूला. एक कातड्याचा घेतला, एक आत फोम भरलेला, एक घरीच हाताचं माप घेऊन मोबाइलवरून मागवला. तिन्ही पट्ट्यांनी मला सारखंच रडवलं. तासाभरात बोटं बधिर व्हायची, आणि घरी आल्यावर नवरा माझ्या हातातून कॅमेरा सोडवून घ्यायचा, लहान पोराच्या पायातला बूट काढावा तसा.

शेवटी चिडून मी गळ्यातला जुना पट्टा परत काढला. त्यानं पहिल्याच कार्यक्रमात माझ्या मंगळसूत्राच्या पोतीत अडकून ती वाढवली. काळे मणी सगळ्या मांडवभर. नवरीच्या आईचा चेहरा पडला, मी हसून वेळ मारून नेली, पण त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं. औंधच्या एका लग्नाचं काम आधीच ठरलेलं होतं, तेवढं करायचं आणि थांबायचं. म्हसवडच्या एका घरानं हळदीसाठी विचारलं होतं, त्यांना जमणार नाही म्हणून कळवूनही टाकलं. फोन ठेवल्यावर मी संडासात जाऊन रडले. घरात रडायला दुसरी जागा नव्हती.

रुमालात मणी बांधून मी कराडात सराफांच्या बोळात गेले. तिथं एक पटवेकरी चाचा बसतात. पोत ओवणं, डोरल्यांना धागा घालणं, गोंडे करणं हे त्यांचं काम. सत्तरीच्या पुढचे. पायाच्या अंगठ्याला धाग्याचं टोक अडकवतात, पाय लांब करून धागा ताणतात, आणि दोन्ही हातांनी गाठी मारत येतात. डोळे बऱ्याचदा रस्त्यावर असतात. मी तासभर बघत बसले. वाढलेली पोत त्यांनी अशी जोडली की कुठं जोड आहे हे मलाच सापडेना.

"अंगठ्याला काय झालंय?" त्यांनी अचानक विचारलं. मी नकळत तो चोळत होते.

मी सगळी कहाणी सांगितली. पिशवीतून तिन्ही पट्टे काढून दाखवले, नवऱ्यानं बांधून दिलेलाही. त्यांनी प्रत्येकाची शिवण उलटून बघितली. "ह्यो कातड्याचा घाम धरतोय. ह्येचं वजन सगळं एका शिवणीवर. आन् ह्यो... ह्यो कुणी केलाय?"

"आमच्या ह्यांनी."

"माणूस चांगला असंल," ते एवढंच म्हणाले.

मग म्हणाले, करून बघतो. मी हात पुढं केला, त्यांनी सांध्यांवरून धागा फिरवून गाठ मारून माप घेतलं. आठवड्यानं पट्टा तयार. गळ्यातल्या पोतीसाठी वापरतात तो सुती धागा, गर्द तांबडा. आत मऊ कापसाची वात, वरून सपाट वीण. हाताच्या पाठीवर रुंद, दोन्ही टोकांना निमुळता. आणि एका टोकाला सरकगाठ, सैल-घट्ट करायला. इतकी देखणी वस्तू माझ्या कॅमेऱ्याला याआधी कधी लागली नव्हती. नवऱ्यानं आधी त्याला पाण्यानं भरलेली बादली टांगून बघितली. पट्टा जागचा हलला नाही. "पास," सुभेदारांनी जाहीर केलं.

आणि तरी तासाभरात माझी बोटं बधिर झाली. सरकगाठ होती तेवढी सोडून बघितली, तरी आवळतच होता.

आता मात्र मला चाचांचाच राग आला. एवढी आशा लावली कशाला? मी तणतणत गेले आणि पट्टा त्यांच्यापुढं ठेवला. ते रागावले नाहीत, बुचकळ्यात पडले. "माप चुकत न्हाई माझं. आना बगू हात."

मी हात दिला. त्यांनी धागा हातात घेतला, माझ्या बोटांकडं बघितलं आणि एकदम हसायला लागले. आतल्या खोलीकडं तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली. "आगं, हिकडं ये. बग ही ताई काय करत्या."

चाची बाहेर आल्या. त्यांचं माहेर बांगडीवाल्यांचं, अर्धं आयुष्य त्यांनी जत्रांतून बांगड्या भरण्यात घालवलेलं. त्यांनी माझ्या हाताकडं नुसती नजर टाकली. "आवं ताई, हात चोरताय की तुमी!"

मी खाली बघितलं. अंगठा आत दुमडलेला, बोटं एकावर एक, तळवा आवळून बारीक केलेला. लहानपणी आई कासारणीपुढं बसवायची तेव्हा शिकवलेला तोच हात. लहान मापाची बांगडी चढली पाहिजे, हात बारीक कर, अंगठा आत घे. मनगटावर नेटकी बसलेली बांगडी हीच आमच्यात नाजूक हाताची खूण, आणि घेर मोठा लागला की कासारणीसकट सगळ्या हसायच्या. चाळीस वर्षं कुणीही माझा हात मापायला घेतला की तो आपोआप दुमडत होता. दुकानात मी पट्टे निवडत नव्हते, बांगड्या भरत होते. आणि वर पट्ट्यांना शिव्या देत होते!

"मोकळा सोडा," चाचा म्हणाले. मी सोडला. त्यांनी धागा लावला, हात परत दुमडला. दोनदा, तीनदा. मला इतकी लाज वाटली की हसू आवरेना. हात माझा, आणि माझं ऐकत नव्हता.

 मग चाचांनी पाय लांब केला, अंगठ्याला धागा अडकवला. "ऱ्हाऊ द्या. कॅमेरा आनलाय न्हवं? माझं फोटू काढा."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. धागा ताणलेला, त्यामागं त्यांचा सुरकुतलेला चेहरा, दारातून येणारा दुपारचा उजेड. चित्र छान जमत होतं, मी त्यात गुंतले. हाताच्या पाठीवर मुंगी चालल्यासारखं काहीतरी वाटलं. तेवढ्यात चाचा म्हणाले, "झालं." मी फोटो काढत असताना त्यांनी पुढं वाकून माझ्या हातावरून धागा फिरवून घेतला होता.

दोन्ही मापं त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. दुसरा धागा दोन बोटं जास्त लांब होता. "ही बांगडीवाली तुमी," त्यांनी आखूड धागा उचलला. "आन् ही फोटूवाली."

त्या माणसाचं किती कौतुक करू? माझ्या दुखण्यावर डॉक्टरांनी सल्ला दिला, दुकानदारांनी माल दिला. माझा हात काम करताना कसा असतो हे बघायचं एकट्या चाचांना सुचलं. पट्टा त्यांनी अख्खा उसवला आणि पुन्हा विणला.

औंधच्या लग्नात बांगड्या भरायच्या दिवशी मी सकाळपासून उभी होते. कासारीण नवरीला हिरवा चुडा भरत होती. दुपार झाली तेव्हा मला आठवलं की माझा अंगठा दुखला नाही. मी बोटं हलवून बघितली, सगळी जाग्यावर. कॅमेरा तळव्यात बसून होता आणि मी त्याला धरलेलंच नव्हतं.

नवरीची आत्या मागं लागली. "तुमी बी भरा वं. मोकळ्या हातानं जाऊ देनार न्हाई." मी डावा हात पुढं केला. तो कासारणीच्या हातात जाताच दुमडला, अंगठा आत, बोटं एकावर एक. मला हसू फुटलं. आणि मी एका उजव्या हातानंच कॅमेरा उचलून तो फोटो काढला. वर्षभरात हे मला जमलं नव्हतं.

त्याची मोठी प्रत काढून मी चाचांना दिली. त्यांनी चष्मा पुसून ती दाराच्या उजेडात धरली. हिरव्या बांगड्या, कासारणीची बोटं, माझा चोरलेला डावा हात.

"ह्यो बांगडीवालीचा," ते म्हणाले. "फोटूवालीचा कुठं हाय?"

"त्यानं फोटो काढलाय, चाचा. एकट्यानं."

 त्यांनी फोटो समोरच्या खिळ्याला, गोंड्यांच्या शेजारी, अडकवून ठेवला. मी तिथंच पायरीवर बसून म्हसवडला फोन लावला आणि हळदीला मी येते म्हणून सांगितलं. फोन उजव्या हातातच धरला होता.