अध्यक्षांचा क्रोएशिया

आमच्या संस्थेचे अध्यक्ष क्रोएशियातल्या एका समुद्रकाठच्या गावात एक रात्र आणि अर्धा दिवस होते. रात्र झोपेत गेली. अर्ध्या दिवसातला बराचसा वेळ बसची वाट बघण्यात आणि वरण-भात कुठे मिळतो याची चौकशी करण्यात गेला. हे मला त्यांच्यासोबत गेलेल्या त्यांच्या पत्नीनेच सांगितलं, आणि सांगताना त्या हसत नव्हत्या. जो वेळ उरला त्याचं पुस्तक झालं. ते मी लिहिलं.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, संस्थेच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्या वेळी तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि माझं सातवं वर्ष चालू होतं. माझे वडील याच संस्थेच्या हायस्कुलात शिपाई होते. ते घंटा देत आणि मी वर्गात जाऊन बसत असे. माझी फी माफ होती, पुस्तकं ग्रंथालयातून मिळत, आणि बी.ए.ला पहिला आलो तेव्हा अध्यक्षांनी मला स्टेजवर बोलावून शाल घातली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हे उपकार मी मानतो, आजही मानतो, म्हणून पुढचं लिहिणं जड जातं. ज्याचा आदर करायला इतकी कारणं आहेत त्या माणसाचा तिरस्कार वाटू लागणं सोपं नसतं. मला त्याला दोन महिने लागले.

सहलीहून आल्यावर अध्यक्षांनी मला बंगल्यावर बोलावलं. गाव त्यांना नाना म्हणतं. भाषण ते शुद्ध मराठीत करतात, काम मात्र अहिराणीत सांगतात.

"सर, पुस्तक काढनं शे. आपला तालुकामा युरोपवर आजलगून कोनीच काढं नही."

"अकरा दिवसांत तुम्ही सहा देश पाहिलेत नाना. त्यातल्या कशावर काढायचं?"

"ते समुद्राजोडेनं गाव शे ना, तेवढंच घ्या. इतिहास, संस्कृती, खेळ, समदं टाका. फोटो मी देस." मग चहाचा कप बशीत ठेवत म्हणाले, "औंदा मराठीनी जागा भरनी शे. पुस्तक व्हई जाऊ द्या, मंग तुम्हनं देखू."

त्या जागेसाठी मी सात वर्षं थांबलो होतो. मी होकार दिला.

फोटो ऐंशीच्या आसपास होते आणि प्रत्येकात नाना होते. त्यांच्या कानामागे थोडी तटबंदी दिसे. खांद्यावरून घंटाघराचा अर्धा भाग डोकावे. एकदा त्यांच्या कोपरापाशी समुद्र होता. त्या गावाचा अभ्यास मला नानांच्या कडेकडेने करावा लागला. मग मी फोटो बाजूला ठेवले आणि वाचायला बसलो. मोबाइलवर वाचलं, ग्रंथालयातल्या जुन्या ज्ञानकोशात शोधलं, तिथल्या लोकांनी टाकलेले व्हिडिओ भाषा न कळता पाहिले. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. माझ्या ओळखीचं मोठं पाणी म्हणजे आमच्याकडच्या प्रकाशा गावाजवळची तापी नदी.

तरीही ते गाव मला कळत गेलं. चारशे वर्षं तिथे व्हेनिसचा अंमल होता. वेशीच्या दगडावर पंख असलेला सिंह आहे, तो त्या राज्याचा. नंतर फ्रेंच आले, ऑस्ट्रियाचे आले, आणखी कोणी कोणी आले. राज्यं बदलत राहिली आणि लोकांनी आपली बोली आणि आपली जाळी सांभाळली. हिवाळ्यात डोंगरावरून समुद्राकडे असं वारं सुटतं की माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून गल्ल्या अरुंद आणि भिंती जाड. संध्याकाळी काही पुरुष वेशीच्या कमानीखाली गोल उभे राहतात आणि कोणतंही वाद्य न घेता गातात, कारण तिथे दगडातून आवाज परत येतो. ते सगळं मी मन लावून लिहिलं. इतकं मन लावून मी माझा प्रबंधही लिहिला नव्हता.

नानांनी कच्चं लिखाण एका बैठकीत ऐकलं. मी वाचत होतो, ते पाय हलवत होते.

"चारशे वरीस दुसराना राजमा ऱ्हायनात? काय लोके शेतस!" ते म्हणाले. आमच्या संस्थेवर त्यांच्या घराण्याची तिसरी पिढी बसलेली आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. अरुंद गल्ल्यांचं कारण त्यांना पटलं नाही. ते अतिक्रमण आहे आणि तिथल्या नगरपालिकेने ते आधी काढावं, असा परिच्छेद त्यांनी घालायला लावला. दुपारी दुकानं बंद होती म्हणून तिथले लोक आळशी ठरले. हे सांगताना दुपारचे तीन वाजले होते आणि नाना झोपेतून नुकतेच उठले होते.

गाणाऱ्या पुरुषांचं त्यांना आवडलं. "तेस्नी मन्हा स्वागतले गाणं म्हनं, आसं टाका."

"नाना, फोटोत त्यांची पाठ आहे तुमच्याकडे."

"पाठ कोनले दिखस पुस्तकमा? तो फोटो नका छापू."

मग खेळाचं प्रकरण आलं. ते मला सगळ्यांत जवळचं होतं. त्या किनाऱ्यावर एक खेळ खेळतात, पित्सिगिन. पोटरीएवढ्या पाण्यात पाच जण गोल उभे राहतात आणि एक लहान चेंडू तळहाताने एकमेकांकडे उडवतात. चेंडू पाण्यात पडू द्यायचा नाही, एवढंच. त्यासाठी म्हातारी माणसंही आडवी झेप घेतात. बाजू नाहीत, गोल नाही, गुण कोणी मोजत नाही. सगळ्यांनी मिळून चेंडू वर ठेवायचा आणि दमल्यावर घरी जायचं. मी त्यावर एक पान लिहिलं होतं. ते पान माझ्या हातून लिहिलं गेलेलं सर्वांत चांगलं पान आहे, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

नाना पाय हलवायचे थांबले. "कोन जिकनं मंग?"

"कोणीच जिंकत नाही, नाना. तसा खेळच नाही तो."

"हारजीत नही? मंग खेळतस काबर?"

"चेंडू पडू नये म्हणून."

ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "मी पानीमा उतरनू व्हतू. फोटो शे."

फोटो होता. नाना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते, बूट हातात. चेंडू कुठेच नव्हता.

"मी उतरनू म्हनजे जिकसूच ना," ते म्हणाले. "पाच-दोन लिखी टाका."

मी लिहिलं. पुढच्याच पानावर नाना पाच विरुद्ध दोनने जिंकले. प्रस्तावनेत त्यांनी माझे आभार मानले, मुद्रितशोधनासाठी.

पुस्तकाचं प्रकाशन आमच्या संस्थेच्या सभागृहात झालं. पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यामुळे भाषणं चांगली झाली. निवृत्त होऊन चार वर्षं झालेले माझे वडील त्या दिवशीही खुर्च्या लावत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बस म्हटलं तरी ते बसले नाहीत.

महिन्याभराने मुलाखत झाली. टेबलाच्या मधोमध नाना, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाकडून आलेल्या विषयतज्ज्ञ बाई. सकाळी प्रत्येक सदस्याला शाल, श्रीफळ आणि ते पुस्तक देण्यात आलं होतं. शाल आणि नारळ बाईंनी बाजूला ठेवले होते. पुस्तक त्यांच्या हातात होतं. त्या ते वाचत होत्या.

व्याकरणाचे, संत साहित्याचे प्रश्न झाले. मग त्यांनी पुस्तक उघडून माझ्याकडे फिरवलं.

"मुद्रितशोधन तुमचं आहे?"

"हो, मॅडम."

"या पानावर लिहिलंय, खेळात बाजू नाहीत, गुण मोजत नाहीत. फार सुंदर लिहिलंय. आणि लगेच पुढच्या पानावर लेखक पाच-दोनने जिंकलेत. कोणाला हरवलं त्यांनी?"

प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. नानांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. एवढा मोठा माणूस, आणि दोन आकड्यांनी घामाघूम झालेला. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं.

"नजरचूक आहे, मॅडम," मी म्हणालो. "माझी."

नानांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "सर हुशार आहेत, मॅडम," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "घाई जरा जास्त करतात. मीही त्यांना बोललो होतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "आणि आधीचं पान? ते कोणाचं?"

या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती.

"अध्यक्षांचं," मी म्हणालो.

"असं," त्या म्हणाल्या. त्यांनी पुस्तक मिटलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे काही विचारलं नाही.

नेमणूक माझी झाली. तोवर मी नानांचा तिरस्कार करत होतो, आणि तो करताना मी त्यांच्याहून बरा आहे असं मला वाटत होतं. त्यांनी न खेळलेला खेळ जिंकला. मी माझं एकमेव चांगलं पान एका टेबलावर देऊन टाकलं, तेही कोणी मागितलं नसताना. यात कोण हलकं, हे ठरवायला तज्ज्ञ बाईंची गरज नव्हती.

घरी आलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. नेमणुकीचं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि शिक्क्यावर बोट फिरवलं.

"काय इचारं रे तेस्नी?"

"एक खेळनं इचारं, आप्पा."

"मंग? उत्तर उनं ना तुले?"

"उनं," मी म्हणालो.

ते उठले, टोपी नीट केली आणि पायात चपला घातल्या. "चाल," म्हणाले, "नानास्ना पाय पडी येऊत."

आम्ही बंगल्यावर गेलो. आधी ते वाकले, मग मी.