पायांना कळलेलं पेट्रोल

गाडी जुनीच घेतली, पण टर्बोची, अंगात वारं शिरलेली. होतं नव्हतं ते तिच्यात घातलं, म्हणून महिनाभर घरात रोज वाजत होतं, दारं आपटत होती. बायकोचं म्हणणं एकच: ही हौस तुम्हाला झेपणार नाही. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलं होतं, ऑक्टेन किमान ९८. साध्या पेट्रोलचा आकडा त्याहून खालचा. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल नागपुरात मोजक्याच पंपांवर मिळतं आणि मी पक्का आळशी. ‘आजकालच्या गाड्या सांभाळून घेतात’ अशी स्वतःची समजूत घालून घराजवळच्या पंपावर साधंच भरत राहिलो.

मे महिन्यातल्या एका रविवारी बाबांना घेऊन रामटेकला निघालो. बाबांनी हिंगण्याच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर उभी हयात काढली. त्या दणदणाटात दोन्ही कान गेले. त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोललं, तर ओठांवरून समजतं, एरवी नाही. गाडीत बसताना ते चपला काढून बाजूला ठेवतात. मी हसायचो त्यांना. लेकाची गाडी म्हणजे काय देव्हारा आहे?

रामटेक येईपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. गडाचा चढ लागला, मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि इंजिनातून आवाज आला, तव्यावर फुटाणे उडावेत तसा. तो आवाज कसला हे मी वाचलेलं होतं. कमी ऑक्टेनचं पेट्रोल दाब आणि उष्णता सोसत नाही, आपली पाळी यायच्या आत पेट घेतं. असे ठोके बसत राहिले की एक दिवस पिस्टनच फुटतो. म्हणजे बायकोचं खरं ठरणार. पण शेजारी बसलेल्या बाबांना थोडंच ऐकू येणार होतं? मी काही झालंच नाही असा चेहरा केला आणि गाडी रेटली.

बाबांनी माझ्या मांडीवर थाप मारली. “थांबव गा.”

मी कडेला घेतली.

“वेळेच्या आंधी ठोका बसून राहिला हिले,” ते म्हणाले. “आमच्या प्रेसचंबी असंच होये. तिथं कानानं कोणाले आयकू येत होतं? संशय आला का बूट काढून जमिनीवर पाय टेकवत होतो. काय टाकलं तू हिच्यात?”

मी त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. भेगाळलेल्या टाचा, वाकडा अंगठा, दोन्ही तळवे गाडीच्या तळाशी सपाट टेकलेले. ऑक्टेन हा शब्द या माणसाने जन्मात ऐकलेला नव्हता. मला जे समजायला चार दिवस वाचावं लागलं, ते त्यांनी तळपायांनी एका चढावर ओळखलं. मग त्यांच्याकडे तोंड करून सगळं खरं सांगितलं.

“जे लिहून हाये तेच टाकाव ना,” बाबा म्हणाले. “लिहिणारा का येडा होता?”

तसेच हळूहळू परत फिरलो. आठवडाभर बेताने चालवून टाकी आटवली, शंभर ऑक्टेनचं भरलं आणि पुढच्या रविवारी तोच चढ धरला. पाय दाबला. बाबा डोळे मिटून, तळवे टेकवून बसले होते, आणि मी रस्त्यापेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होतो. इंजिन एका सुरात वर गेलं.

“आता बराबर हाये,” ते म्हणाले.

वर गाडी लावली. त्यांनी चपला पायात सरकवल्या, दार उघडलं आणि उतरता उतरता थांबले.

“घरी दार नोको आपटत जाऊ गा. मी खाली चटईवर बसून राहतो ना. समजते मले.”

महिनाभर मी आणि बायको त्यांच्या पाठीमागे उभं राहून भांडत होतो. मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि सावकाश म्हणालो, “हो बाबा.”