नाथाची बादली आणि संतोषचं अंगण

...तर नाथाने दुकानदाराकडे बादली मागितली, इथपर्यंत आपण काल आलो होतो. आता फरशीच्या दुकानात बादली कशाला, ते ऐका.

नाथा माझ्या शाळेतला. शेती आम्हा सगळ्यांनाच होती, पण नाथाची खरी ओळख आमटी वाढणारा अशी. आसपासच्या गावांत कुठंही लग्न असो, बादली नाथाच्याच हातात. अनवाणी पळणार, "आमटी, आमटी!" ओरडणार, आणि कुणी पानावर आडवा हात धरला तर त्याच्या बोटांमधून वाढणार. सत्तरी उलटली, पण गड्याने बादली सोडली नाही.

त्याच्या मुलाने, संतोषने, देवळाली कॅम्पजवळ बंगला बांधला. अंगणाची फरशी तेवढी राहिलेली, आणि त्याच अंगणात नातीचा, हर्षालीचा, साखरपुडा व्हायचा. नाथा म्हणाला, पंगत बसवू, आमटी मी वाढणार. संतोष म्हणाला, "आबा, आता बुफे असतो. आणि तुम्ही घसरलात, तर नवरीला सोडून दवाखान्यात पळायचं का आम्ही?" बरीच तणातणी झाली. शेवटी ठरलं असं, की नाथाने दुकानात भरली बादली घेऊन चालून दाखवायचं. ज्या फरशीवर जमेल ती घ्यायची आणि पंगत बसवायची. कुठंच नाही जमलं, तर बुफे.

म्हणून आम्ही तिघं द्वारका चौकाजवळच्या त्या दुकानात. मागच्या आवारात नमुन्यांचे पट्टे टाकलेले. मालक राकेशने बादलीत पाणी भरून दिलं. नाथाने आत डोकावून पाहिलं.

"निस्तं पाणी? तर्री कुठंय?"

शेजारच्या वडापावच्या गाडीवरून वाटीभर तेल आणवलं आणि सगळ्या पट्ट्यांवर शिंपडलं. राकेश कळवळला, "काका, विकायचा माल आहे तो!"

"पंगतीत सांडतंच, शेठ."

पहिला पट्टा संतोषच्या पसंतीचा, आरशासारखा चकचकीत. नाथाने पाऊल टाकलं मात्र, आणि सुर्रकन निघाला. मी मागून सदरा धरला म्हणून वाचला. बादली राकेशच्या पँटवर रिकामी झाली.

"घसरलात! बुफे!" संतोष ओरडला.

"मी कुठं घसरलो? तुझी फरशी घसरली!"

बादली पुन्हा भरली. रंगीत पेव्हर ब्लॉकवर पाय टिकला, पण एका वर आलेल्या कडेला अंगठा ठेचला. नाथाने त्या ब्लॉकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग कोपऱ्यात टाकी मारलेला काळा दगड दिसला, चांगला खरबरीत. नाथाने तळवा घासून पाहिला आणि गडी एकदम खुलला.

"बसा रे पंगतीला!"

मी बसलो, संतोष बसला, गिऱ्हाईक म्हणून आलेल्या दोन बायाही पदर सावरून हसत मांडी घालून बसल्या. "आमटी, आमटी!" नाथा तेलावरून पळत आला, प्रत्येकापुढं पळीभर पाणी ओतत गेला. अंगावर थेंब नाही. एका बाईने "पुरे, पुरे" म्हणत हात आडवा धरला, तर तिच्या बोटांमधून वाढलंच! ती म्हणाली, "आता भात पण येऊ द्या, बाबा."

संतोष हरला होता, पण उठता उठता कुरकुरला, "आबा, हा दगड लोक गोठ्यात घालतात. पाहुणे अंगण बघून काय म्हणतील?"

नाथाने बादली खाली ठेवली, अंगठा चोळला आणि म्हणाला,

"पानात गरम आमटी पडली की माणूस खाली बघत नाय, संतोष. बुफेच्या रांगेत रिकामी ताटली घेऊन उभा केलास, तर मात्र बिचाऱ्याला फरशी सोडून बघायला दुसरं हायच काय?"